तीन विंडोंची जागा

ही, म्हणजे माझी बायको, गेली तो दिवस मला नीट आठवत नाही. काय नुकसान झालं ते कळलं, तो दिवस मात्र पक्का आठवतो. ही जाऊन सदतीस दिवस झाले होते. सोमवार होता. मुलगी रजा संपवून पहिल्यांदाच कामाला बसली होती आणि मी स्वयंपाकघरात चहाची भांडी विसळत होतो. आतून तिचा आवाज आला, "बाबा, फॉर्म कुठे गेला?"

मी ओल्या हातानेच गेलो. ती कॉम्प्युटरसमोर मान इकडून तिकडे फिरवत होती. कानावरच्या फोनमधून कुणीतरी मोठ्याने बोलत होतं. फॉर्म तिच्या समोरच होता, पण उजवीकडे वरच्या बाजूला, आणि त्याच्यावर नकाशा अर्धा चढलेला.

"तो काय तिथे," मी म्हणालो.

"तिथे म्हणजे कुठे, बाबा? 'तिथे' हा काही पत्ता नाही."

मी स्क्रीनवर बोट टेकवलं. तिने बोटाच्या मागे मान नेली, फॉर्म सापडला, तोवर पलीकडच्याने फोन ठेवला होता.

मुलगी एकतीस वर्षांची आहे. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या तक्रारी ती घरून फोनवर घेते, सकाळी आठ ते दोन, रविवारीही. तिला तीन विंडो लागतात. एक तक्रारीचा फॉर्म, दुसरा पाइपलाइनींचा नकाशा, तिसरी दुरुस्तीची कुठली टोळी कुठल्या भागात आहे त्याची यादी. तिच्या डोळ्यांना लहानपणापासून आजार आहे. कडेचं दिसत नाही. नळीतून बघावं तसं फक्त मधलं गोल दिसतं, आणि ते गोल दरवर्षी थोडं थोडं लहान होतं. एखादी गोष्ट कुठे आहे हे आधीच माहीत असेल तर तिला आपल्यासारखंच वाचता येतं. शोधायची वेळ आली की स्क्रीन तिला मैदानाएवढा होतो.

कॉम्प्युटरचं सगळं हिच्याकडे होतं. ही वाचनालयात दुपारनंतर कामाला जायची. तिथल्या मशीनवर फुकट मिळणारी, ओपन सोर्स प्रणाली होती. तीच हिने घरी आणली. म्हणायची, "ज्याचं झाकण उघडता येतं तेच दुरुस्त करता येतं." हिने अशी काही सोय केली होती की मशीन सुरू झालं की तिन्ही विंडो आपापल्या ठरलेल्या जागी उघडायच्या. फॉर्म डावीकडे, मध्ये नकाशा, उजवीकडे यादी. मी फरशी बसवणारा माणूस. मी कधी विचारलं नाही. घरात एकाला येतं म्हटल्यावर दुसरा कशाला शिकतो?

महिनाभर मशीन बंद होतं. त्या सोमवारी सुरू केल्यावर त्याने विचारलं, नवीन आवृत्ती घेऊ का, आणि मुलगी हो म्हणाली. त्यानंतर हिची मांडणी गेली. विंडो वाटेल तिथे उघडायला लागल्या.

चार दिवसांनी मुलीच्या कामावरच्या मॅडमचा फोन आला. बाई वाईट नाही. ही गेली तेव्हा दोनदा येऊन गेली होती. मुलीने आवाज मोठा ठेवला होता म्हणून मलाही ऐकू आलं.

"अगं, तासाला तीन फोन होताहेत तुझे. आठ व्हायला हवेत. मी किती दिवस वर सांगत राहू, सांग बरं?"

"मॅडम, घरचं जरा…"

"कळतं गं. म्हणून तर बावीस तारखेपर्यंत थांबते. त्या दिवशी मी स्वतः तुझे फोन ऐकत बसणार. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर तुला फाइलींच्या टेबलावर घेते."

फोन ठेवल्यावर मुलगी हसली. "फाइलींचं टेबल म्हणजे काय माहितीये ना? बारीक अक्षरातले कागद. दोन दिवसांत मीच म्हणेन, घरी बसते. गोड बोलून दार दाखवणं म्हणतात याला."

बावीस तारखेला बारा दिवस होते.

मी दुसऱ्या दिवसापासून साइटवर बावीसपर्यंत सुट्टी टाकली. दोन वाजता तिचं काम संपलं की मशीन मोकळं व्हायचं. मी टेप काढली.

"हे काय?" ती म्हणाली. "स्क्रीनला फरशी लावताय?"

"आईची मांडणी कशी होती ते बोटाने दाखव. डावीकडून किती, वरून किती, ते मोजतो."

तिने आठवून आठवून दाखवलं. मी कागदावर आकडे लिहिले. मग प्रणालीच्या सेटिंगमध्ये शोधत शोधत एक जागा सापडली. तिथे विंडोसाठी नियम लिहिता येतात. हा प्रोग्रॅम उघडला की विंडो इथे ठेव, एवढी रुंद ठेव. मला बरं वाटलं. मी नकाशासाठी लिहिलं, डावीकडून एकशे ऐंशी, वरून वीस. नकाशा उघडला तो फॉर्मच्या छाताडावर जाऊन बसला.

तीन वेळा मोजलं. टेप चुकत नव्हती. मग मुलगीच म्हणाली, "बाबा, मशीनला मिलिमीटर कुठे कळतात? ते ठिपके मोजतं."

तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की माप घेण्याआधी पट्टी कुठली ते बघा. हात दाखवून अवलक्षण. आमचा स्क्रीन पाचशे एकतीस मिलिमीटर रुंद आहे आणि त्यात एकोणीसशे वीस ठिपके आहेत. म्हणजे मिलिमीटरला साडेतीनहून थोडे जास्त. तो हिशेब मांडला आणि संध्याकाळपर्यंत तिन्ही विंडो साधारण जागेवर आल्या. मी खूश होऊन झोपलो.

सकाळी सव्वानऊला मुलगी ओरडली. मी गेलो तर सगळ्या स्क्रीनभर पांढरं.

झालं असं होतं. तक्रार लिहून झाली की एक लहान चौकोन येतो, 'नोंद पक्की करायची का?' खाली हो आणि नाही. माझा नियम फॉर्मच्या प्रोग्रॅमला होता. हा लहान चौकोनही त्याच प्रोग्रॅमचा. त्यामुळे तोही फॉर्मएवढा ताणला गेला, फॉर्मच्याच जागेवर, आणि 'हो' चं बटण खाली कुठेतरी कोपऱ्यात गेलं. मुलगी ते शोधत होती. फोनवर एक आजीबाई होत्या.

"अगं बाई, आहेस का गेलीस?"

"आहे, आजी. नोंद करतेय."

"सकाळपासून नळाला थेंब नाही, आणि तू नोंदच करतेयस. माझी तीन लग्नं जमली असती एवढ्यात."

"जमवा, आजी, मी येते जेवायला," मुलगी म्हणाली, आणि बटण सापडलं.

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात. माझ्या गाई तुम्ही राखताय. देवाला जरा मदतीला बोलवा."

ही प्रणाली वापरणाऱ्यांचं इंटरनेटवर एक मंडळ आहे. तिथे आपल्या भाषेत लिहिणारेही आहेत. ही तिथे काहीतरी विचारायची, एवढं मला माहीत होतं. मी तिथे लिहिलं. शाळेत शिकलो तेवढ्याच भाषेत, खरं काय ते सगळं लिहिलं. बायको गेली, तिने विंडो लावल्या होत्या, नवीन आवृत्तीनंतर गेल्या, मुलीला नीट दिसत नाही, बावीस तारीख आहे. मी फरशीवाला आहे, हेही लिहिलं.

तासाभरात 'कासव' नावाच्या कुणीतरी उत्तर दिलं. बाई की बुवा, मला अजून माहीत नाही.

'तुमच्या मिसेसनी एक लहान फाइल लिहून ठेवली असेल. मशीन सुरू झालं की ती विंडोंना उचलून जागेवर नेऊन ठेवायची. जुन्या आवृत्तीत असं बाहेरून कुणीही कुणाची विंडो हलवू शकायचं. नवीन आवृत्तीत ते बंद केलंय. आता विंडो कुठे बसायची ते फक्त डेस्कटॉप सांभाळणारा मुख्य प्रोग्रॅम ठरवतो. भाडेकरूंनी एकमेकांचं सामान हलवायचं नाही, फक्त घरमालकाने हलवायचं, असं समजा. म्हणून नियम त्यालाच सांगावे लागतात. तुम्ही तेच केलंत, बरोबर केलंत. नियमात प्रोग्रॅमच्या नावासोबत विंडोचं शीर्षकही घाला, म्हणजे लहान चौकोन वेगळे राहतील. आणि ती फाइल शोधा, तिच्यात आकडे असतील.'

फाइल दोन दिवसांनी सापडली. आठ ओळी होत्या. मुलीने वाचून दाखवल्या. प्रत्येक विंडोचे चार आकडे: डावीकडून, वरून, रुंदी, उंची. हिने ठिपक्यांतच लिहिलं होतं. माझ्या टेपच्या मापापेक्षा नकाशा चौदा ठिपके इकडे होता.

त्या दिवशी मी हिचे आकडे जसेच्या तसे घातले. शीर्षकही घातलं. लहान चौकोन मध्येच आपल्या मापात उघडायला लागला. मशीन बंद करून सुरू केलं. फॉर्म डावीकडे, मध्ये नकाशा, उजवीकडे यादी. एका रेषेत, दोरी मारल्यासारखे. मी बराच वेळ बघत उभा राहिलो. हिने काहीतरी करून ठेवलं होतं आणि ते मी परत आणलं, असं वाटलं. सदतीस आणि वर आठ, एवढ्या दिवसांत मला पहिल्यांदा नीट भूक लागली.

दुसऱ्या दिवशी मुलीचे फोन तासाला चार झाले.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही चारच.

"सवय होईल," मी म्हणालो.

दोन वाजता तिने कानावरचा फोन काढून ठेवला आणि खुर्ची माझ्याकडे फिरवली.

"बाबा, एक सांगते. रागावू नका."

"सांग."

"ही मांडणी मला वर्षभरापासून जमत नाहीये."

मला कळेना. "म्हणजे? आई होती तेव्हा तर तासाला नऊ फोन व्हायचे तुझे."

"आई माझ्या शेजारी बसायची."

"ती तर सोबत म्हणून बसायची. मटार सोलत, नाहीतर विणत."

"एका हाताने कोण मटार सोलतं, बाबा? दुसरा हात माझ्या मनगटावर असायचा. हवी ती विंडो उजवीकडे असेल तर एकदा टिचकी, डावीकडे असेल तर दोनदा. बटण खाली असलं की मनगट दाबायची. फोनवरच्या माणसाला काय कळणार?"

मी विचारलं, "मग तिने विंडो का नाही हलवल्या?"

"मी तिला सांगितलंच नाही की दिसणं कमी झालंय. आणि तिला कळलंय हे तिने मला सांगितलं नाही. तिने ही मांडणी किती खपून केली होती. तीन आठवडे. बदल म्हटलं असतं तर का, हे पण बोलावं लागलं असतं. मग आम्ही दोघी टिचकीवर आलो." ती थोडं हसली. "माझी आई आणि मी, दोघी एक नंबरच्या चोर."

मी उठलो. आत जाऊन पाणी प्यायलो. मला राग आला होता, पण कुणाचा ते कळत नव्हतं. एका घरात तीन माणसं राहत होती, आणि त्यातल्या दोघींना एक गोष्ट माहीत होती. मी रोज साइटवरून यायचो, मटार सोललेले दिसायचे, मला वाटायचं सगळं ठीक आहे. मी चार दिवस राबून जे परत आणलं होतं, ते हिच्या हातावाचून चालणारच नव्हतं.

तसा मी आठएक मिनिटं ओट्याला टेकून उभा होतो. मग वाटलं, फरशी जुन्या मापाची आणि खोली नव्या मापाची असली तर आपण काय करतो? मालकाशी भांडत बसत नाही. खोली परत मोजतो.

मी शर्टाचं एक पांढरं बटण आणि काचेवर खुणा करायची पेन्सिल घेऊन आलो.

"समोर बघ. नेहमी बसतेस तशी बस. मान हलवायची नाही. बटण दिसतंय तोवर 'आहे' म्हणायचं."

"नाही दिसलं की?"

"मग 'गेलं' म्हण."

"आहे. आहे. आहे. गेलं," ती म्हणाली. मी तिथे खूण केली. परत मध्ये येऊन दुसरीकडे नेलं. "आहे. आहे. गेलं." असं सगळ्या बाजूंनी बारा वेळा केलं. खुणा जोडल्या तर स्क्रीनवर एक वाकडंतिकडं गोल तयार झालं. जेमतेम एका बशीएवढं. हिचा एकटा फॉर्मच त्याच्याहून रुंद होता.

मी म्हणालो, "एवढंच?"

"एवढंच," ती म्हणाली. "कुणाला तरी सांगून टाकलं ते बरं झालं."

मी ते गोल मोजलं. यावेळी ठिपक्यांत.

मग प्रश्न असा, की बशीएवढ्या जागेत तीन विंडो कशा बसवायच्या. माझ्या डोक्यात शेजारी-शेजारी सोडून काही येईना. आमच्या धंद्यात एका फरशीवर दुसरी ठेवली तर मालक हाकलून देतो. मुलगीच म्हणाली, "शेजारी कशाला? तिन्ही एकाच जागी ठेवा. एकावर एक. मला हवी ती वर यायला हवी, बस. डोळा हलवायचाच नाही."

कासवाला लिहिलं. उत्तर आलं, 'अहो, हे आधी का नाही सांगितलंत? हे तर सोपं आहे. तिघींना एकच जागा, एकच माप द्या. प्रत्येकीला एक कळ द्या. कळ दाबली की ती विंडो वर. आणि जागा 'सक्तीने' लावू नका, 'उघडताना एकदा' लावा. नाहीतर मुलीला स्वतःच्या हाताने विंडो हलवताच येणार नाही.'

मी आधी सगळीकडे 'सक्तीने'च लावलं होतं. मुलगी म्हणाली, "त्यात काय नवल. तुम्ही माझी शाळाही तशीच निवडली होती."

पुढचे तीन दिवस आम्ही दोघं दुपारी बसत होतो. विंडो गोलात बसवल्या. अक्षर मोठं केलं. फॉर्मचे रकाने एकाखाली एक आले. लहान चौकोनासाठी वेगळा नियम केला, तोही त्याच गोलात उघडेल असा. कीबोर्डच्या वरच्या तीन कळांवर मी फर्निचरच्या पायाखाली लावतात त्या नमद्याचे बारीक तुकडे चिकटवले. सरावासाठी मी दुसऱ्या खोलीतून तिला फोन करायचो.

"हॅलो, आमच्याकडे पाणी फार येतंय. थांबवा."

"पत्ता सांगा, काका."

"पत्ता नाही सांगणार. तुम्ही ओळखा."

"बाबा, नीट करा हो. असे लोक असतात, पण सगळेच नसतात."

एकोणीस तारखेला ती कामावर तासाला सहापर्यंत आली. वीसला एक तास सात झाले. एकवीसला परत सहा. त्या रात्री ती लवकर झोपली.

बावीसला मॅडम आठ वाजल्यापासून लाइनवर होती. मी ठरवलं होतं की त्या खोलीत जायचं नाही. शेजारी बसलो असतो तर माझाही हात आपोआप तिच्या मनगटाकडे गेला असता. स्वयंपाकघरात बसलो. दार अर्धं उघडं ठेवलं. तिचा आवाज ऐकू येत होता, आणि मध्येमध्ये कळीचा टक. टक, फॉर्म. टक, नकाशा. टक, यादी. टोळी दोन तासांत पोचेल, धन्यवाद. कुठेही थांबत नव्हती असं नाही. अकराच्या सुमारास एकदा बराच वेळ गप्प झाली. मी उठून दारापर्यंत गेलो. तिने हात मागे करून पंजा दाखवला, थांबा असा. मी थांबलो. मग टक वाजलं.

दोन वाजता मॅडमचा फोन आला.

"शेहेचाळीस झाले. अठ्ठेचाळीस हवे होते."

"हो, मॅडम."

"पण चूक एकही नाही. आणि बारानंतर शिव्या देत आलेल्या त्या माणसाला तू ज्या शांतपणे घेतलंस ना, मी त्याला काय म्हणाले असते ते सांगत नाही. काय बदललंस?"

मुलगी म्हणाली, "विंडोंची जागा, मॅडम."

"असू दे. मी लिहून टाकते की जमतंय. तीन महिन्यांनी परत ऐकेन. आणि वडिलांना सांग, दाराशी उभे राहून श्वास घेतात तो फोनमध्ये येतो."

आम्ही दोघं खूप हसलो. ही गेल्यापासून पहिल्यांदाच एवढं हसलो असू. मग मुलगी थोडी रडली, मीही. त्यानंतर जेवलो.

मी कासवाला कळवलं. त्याने किंवा तिने लिहिलं की नियम मंडळावर टाका, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडतील. मी टाकले. खाली लिहिलं की पहिली मांडणी माझ्या बायकोची होती, आणि माप घेण्याआधी बघणाऱ्याला विचारा. आठवड्याभरात दोघांनी लिहिलं की त्यांच्या घरीही असंच आहे. त्यातल्या एकाला मी स्वतः उत्तर दिलं. ठिपके आणि मिलिमीटर यांचं आधी सांगितलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पुढच्या महिन्यात जायचं आहे. गोल लहान झालं तर परत मोजू. ते आता घरात लपवायचं नाही, एवढं ठरलं आहे.

एक काम बाकी आहे. मुलगी बोलत असताना दुसरा फोन वाट बघत असला की एक सूचना येते. ती सूचना कुठल्या प्रोग्रॅमची विंडो नाही, त्यामुळे तिला माझे नियम लागत नाहीत. सेटिंगमध्ये तिच्यासाठी फक्त कडा आणि कोपरे आहेत. ती मुलीच्या गोलाबाहेरच उघडते, तिला दिसत नाही, आणि दिवसाला चार-पाच फोन तसेच जातात. कासवाला विचारलं आहे, प्रणाली बनवणाऱ्यांनाही लिहिलं आहे. अजून उत्तर नाही. ती सूचना मध्ये आणायची राहिली आहे.